विषाला पत्ता बरोबर माहीत असतो

एखादे रसायन यकृताला किंवा मूत्रपिंडाला किती बाधते, यावरचे भारतीय शोधनिबंध चाळले तर ‘साहित्य व पद्धती’ या मथळ्याखाली एक उल्लेख पुन्हा पुन्हा भेटतो: पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून आणल्या. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणजे देशाची पेशींची पेढी. ठेवी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर!

पेशींच्या बाबतीत पुण्याने जगालाही काही दिले आहे. इथल्याच व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये (आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही) के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये डासाच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. त्या पेशींच्याच वंशातली सी६/३६ ही पेशीमालिका आज डेंगीचे विषाणू वाढवायला जगभर वापरतात.

यकृताच्या चाचण्यांतली लाडकी पेशी म्हणजे हेपजी२. अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या एका मुलाच्या यकृतातल्या गाठीतून ती आली. तिच्यावर रसायन टाकायचे, थोडे थांबायचे आणि मग एमटीटी नावाचा पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा जितका गडद, तितक्या पेशी वाचल्या.

पण ही पेशी थोडी फसवी आहे. पॅरासिटामॉल मुळात फार विषारी नाही. यकृतातली विकरे त्याच्या थोड्या भागाचे विष बनवतात आणि पेशींतले ग्लुटाथायोन हे रसायन ते निस्तरते. गोळ्यांचा अतिरेक झाला की ग्लुटाथायोन संपते आणि यकृत बळी जाते. हेपजी२मध्ये ही विकरेच तोकडी, त्यामुळे खऱ्या यकृताला जे भोवते ते तिच्या अंगाला फारसे लागत नाही. कामात आळशी असण्याचा असाही फायदा!

हीच गोळी मांजराच्या पोटात गेली तर घाव आधी रक्तावर बसतो. ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. घरच्या मनीला ताप आला म्हणून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका.

उंदराला उलटी होत नाही. शरीराची ठेवणच तशी. म्हणून ‘या औषधाने मळमळेल का?’ या प्रश्नावर त्याची साक्ष कुचकामी. मग बोलावतात कुणाला? चिचुंद्रीला! वाड्यांच्या भिंतीकडेने चुकचुकत पळणारी, नाक मुरडायला लावणारी हीच ती. तिला उलटी होते, आणि तेवढ्यासाठी प्रयोगशाळेत तिला मान आहे.

माझा कौल मात्र हायड्राला. गोड्या पाण्यातला हा जेमतेम काही मिलिमीटरचा जीव पुण्याच्या पाणवठ्यांतही सापडतो आणि आघारकर संशोधन संस्थेत त्याच्यावर वर्षानुवर्षे काम झाले आहे. इथल्या वाणाच्या शास्त्रीय नावात चक्क ‘इंड-पुणे’ आहे. हायड्राचे तुकडे केले तर तुकड्यांतून नवे हायड्रा उभे राहतात. पण पाण्यात तांबे किंवा कॅडमियम मिसळले की हा चिवटपणा गळून पडतो. आधी शुंडकांची टोके गाठीसारखी फुगतात, मग शुंडके आखडतात, मग सगळा देह आक्रसून ट्युलिपच्या कळीसारखा होतो आणि शेवटी विरघळतो. या उतरंडीला शास्त्रज्ञ चक्क गुण देतात: ठणठणीत हायड्राला १०, विरघळलेल्याला ०. परीक्षा रसायनाची, नापास होतो हायड्रा. शिवाय शुंडके उरली असतील तर पाणी बदलल्यावर तो सावरूही शकतो, म्हणजे इजा तात्पुरती की कायमची, तेही कळते.

सशाच्या डोळ्यात रसायनाचा थेंब टाकण्याची ड्रेझ चाचणी १९४४ची. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर अशा चाचण्या करायला भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. नव्या औषधांच्या बाबतीत २०२३ पासून नियमांत पेशी, चिपवरचे अवयव, संगणकी प्रारूपे अशा पर्यायांनाही जागा मिळाली. त्यावर ‘आता उंदीर सुटले’ असे म्हणणे मात्र घाईचे. हेपजी२चे वर पाहिलेच.

उलट, एका प्राण्याला चालले ते दुसऱ्याला चालेलच असेही नाही. उदाहरण गिधाडांचे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुरांना चालले, माणसांना चालले. पण औषध दिलेले जनावर मेल्यावर ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, यूरिक आम्लाचा पांढरा थर अवयवांवर साचला आणि आकाश रिकामे झाले. कारण उमगले २००४ मध्ये. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदी आली २००६ मध्ये. पर्याय म्हणून मेलोक्सिकॅम पुढे आले, तेव्हा त्याची चाचणी थेट गिधाडांवरच घेतली गेली. ते पास झाले.