गॅसची नळी उघडीच हवी

बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या अनेक फ्लॅटांत सिलिंडर ओट्याखाली नसतो. तो स्वयंपाकघरामागच्या ‘युटिलिटी’त, वॉशिंग मशीनशेजारी असतो आणि भिंतीतून आरपार गेलेली तांब्याची नळी गॅस शेगडीपर्यंत आणते. दाभोळहून बंगळूरला येणारी, २०१३ साली सुरू झालेली सुमारे हजार किलोमीटरची वायुवाहिनी तपासायला यंत्रणा आहे. घरातली ही चार-पाच फूट नळी मात्र टाइल्सआड किंवा मॉड्युलर कपाटामागे गेली, की तिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. ती झाकूच नये, असं माझं ठाम मत आहे.

तांबं गंजत नाही, हे यावरचं नेहमीचं उत्तर. लोखंडासारखं ते गंजत नाही, हे खरंच. हवेत त्यावर चढणारा तपकिरी थर उलट त्याला जपतो. पण युटिलिटीत त्याच नळीखाली टॉयलेट क्लीनरची बाटली असते. तिच्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा तो थर खातात. नळी भिंतीला धरून ठेवणाऱ्या चापाखाली ओल साचते, तिथे हिरवट-निळी भुकटी दिसू लागते आणि धातू एकाच ठिपक्यापाशी आत पोखरला जातो. जोडांवरच्या पितळी नटांचा वैरी वेगळा, अमोनिया. इंग्रजी अमलात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली, की त्यांना भेगा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातूतला ताण मिळून हे घडतं, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. काच पुसायच्या काही द्रावांत आजही अमोनिया असतो.

गळती झाली तर वास येईलच, असंही म्हणतात. त्यासाठीच गॅसमध्ये मर्कॅप्टन मिसळतात. पण एलपीजी हवेहून जड; तो कपाटाच्या तळाशी साचतो, आणि मंद वासाला नाक थोड्याच वेळात सरावतं. हवेत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं, तरी ठिणगी पुरते. मग रबरी नळीच बरी, असं मात्र नाही. ती दर पाच वर्षांनी बदलावी लागते आणि उंदीर कुरतडतात ते वेगळंच. तांबंच वापरावं, फक्त भिंतीतून नेताना ते बाहेरच्या मोठ्या पाइपातून न्यावं, भिंतीच्या आत एकही जोड ठेवू नये आणि आम्लाच्या बाटल्या दुसरीकडे हलवाव्यात. उघड्या जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावलं, की गळती बुडबुड्यांतून कळते. काडी ओढून कधीही पाहू नये. बुडबुडे दिसले तर रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात लावू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करावा.