काडीपैलवानाची साखर

उंची पाच फूट सात इंच, वजन ५२ किलो. हॉस्टेलवर माझं नाव अर्थातच ‘काडीपैलवान’! बाबांना डायबिटीस आहे, म्हणून गेल्या वर्षी आईने मलाही रक्त तपासायला लावलं. एचबीएवनसी निघालं ५.९. (५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसचा उंबरठा.) रूममेट हसायलाच लागला, “अरे, तो जाड्या लोकांना होतो!”

माझी पंचाईत वेगळीच. आजी म्हणे, वजन वाढव, रोज शिकरण-पोळी खा. डॉक्टर म्हणाले, गोड बंद. इकडे आड, तिकडे विहीर!

मग वाचायला लागलो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरात चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२! म्हणजे आपण भारतीय दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त, स्नायू कमी.

इथेच सगळी गोम आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवणारी सगळ्यात मोठी टाकी म्हणजे स्नायू. टाकी लहान आणि नळ जोरात, तर ओव्हरफ्लो होणारच. म्हणजे मला वजन वाढवायचंच होतं, फक्त चरबीचं नाही, स्नायूंचं. आजी आणि डॉक्टर, दोघंही बरोबर!

टाकी मोठी होते ती व्यायामाने. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, पुशअप, डंबेल. शिवाय काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघताही साखर ओढून घेतो. म्हणून रात्री जेवल्यावर कॅम्पसला एक चक्कर.

आता खाणं. जास्तीच्या कॅलरी हव्यात, पण साखरेतून नकोत. ५० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २८० कॅलरी मिळतात. चार अंड्यांत २४ ग्रॅम प्रोटीन, ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत जवळपास २५. मेसमध्ये आधी उसळ आणि काकडी, मग पोळी, भात शेवटी आणि एकच वाटी. जिममधला मित्र ‘मास गेनर’चा डबा घेऊन आला होता. लेबल वाचलं तर त्यात मुख्य माल्टोडेक्स्ट्रिन, जे ग्लुकोजसारखंच झटकन रक्तात उतरतं. डबा साभार परत!

सहा महिन्यांनी वजन ५६, एचबीएवनसी ५.६. बायसेप्स अजून शोधावे लागतात, पण सापडतात! वायव्हाच्या आदल्या रात्री चहा-बिस्किटांवर जागताना हे सगळं मोडतंच, तेव्हा लढाई संपली असं मी म्हणत नाही.

पण मित्रांनो, घरात कुणाला डायबिटीस असेल तर “मी तर बारीक आहे” म्हणून गाफील राहू नका. एकदा रक्त तपासा, आणि आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. वजनकाटा फक्त किलो सांगतो, ते कशाचे आहेत ते सांगत नाही.