टोपी घाला, पण गावही बघा!

राळेगणसिद्धीत गांधी टोपी ही आंदोलनाची खूण नंतर झाली. आधी ती पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याची रोजची टोपी: पुढेमागे टोक, मध्ये घडी, बाजाराच्या दिवशी कडक इस्त्री.

ऑगस्ट २०११ मध्ये राळेगणच्या अण्णा हजारेंच्या उपोषणावेळी तीच टोपी ‘मैं अन्ना हूँ’ छापून दिल्लीच्या रामलीला मैदानात हजारो शहरी डोक्यांवर चढली. पुढे आम आदमी पक्षाने तिच्यावर स्वतःचं नाव छापलं. ही उचलेगिरी की आदर?

टोपी कुणीही घालावी. काकासाहेब कालेलकरांच्या आठवणीप्रमाणे खुद्द गांधीजींना ती काश्मिरी टोपीवरून सुचली. घेणं-देणं चालायचंच.

खटकतं ते वेगळंच. जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, पण कोल्हापूरचं नाव नाही! खरं तर २०१९ पासून या चपलेला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून ८ जिल्ह्यांसाठी. बोंब उठल्यावर कंपनीने प्रेरणा कबूल केली आणि डिसेंबरमध्ये लिडकॉम, लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला.

म्हणून माझे तीन प्रश्न: नाव घेतलं का? कारागिराला पैसा मिळाला का? त्यामागचं काम समजून घेतलं का?

राळेगणला गेलात तर टोपी घालून सेल्फी जरूर काढा. पण नालाबंडिंग, पाझर तलाव आणि श्रमदानातून झालेली कामंही बघून या. टोपीला वजन त्यांच्यामुळेच आलंय.

#गांधीटोपी #राळेगणसिद्धी #कोल्हापुरी