वेगळी चूल आणि ऐक्य

सामुदायिक श्रमातून उभ्या राहिलेल्या संपत्तीवर आश्रयदात्या कंपनीची सत्ता किती चालावी? सर्व्हरसाठी २००९ साली रायन डाल यांनी रचलेली 'नोड' ही मुक्त आज्ञावली जॉयंट कंपनीच्या आश्रयाने वाढली. परंतु कारभाराची सूत्रे कंपनीकडेच राहिली. तेव्हा नाराज प्रोग्रॅमरांनी डिसेंबर २०१४ मध्ये 'आयओ' नावाने वेगळी चूल मांडली. आज्ञावली सर्वांना खुली होती, म्हणूनच हे शक्य झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये चौथ्या आवृत्तीत दोन्ही प्रवाह पुन्हा एकत्र आले. आता कारभार स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे गेला. आयबीएम, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या त्याच्या सभासद झाल्या. तांत्रिक निर्णय मात्र प्रोग्रॅमरांच्या समितीकडे राहिले. भांडवलाचा आधार कोणत्याही सामुदायिक उद्योगाला हवाच. तथापि, श्रम करणाऱ्यांचा बाहेर पडण्याचा हक्क शाबूत असेल, तरच भांडवलाशी होणारा समझोता बरोबरीचा ठरतो.