कॅसेटमधला खेळ आणि आईच्या ओव्या

श्रोतेहो, खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हुतूतू येतो, आट्यापाट्या येतात, विटीदांडू येतो. या खेळांना सामान जवळजवळ लागतच नाही, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे, त्याचे सामान मात्र मोठे नाजूक होते. त्याला वीज लागे, टीव्ही लागे, एक छोटासा संगणक लागे आणि गाणी ऐकण्याची साधी कॅसेट लागे. या खेळाने मला फार आनंद दिला, फार छळले, आणि एकदा माझ्या हातून घरातले एक नुकसानही करविले. ते नुकसान कसे झाले हे समजायचे तर आधी ते यंत्र समजून घ्यावे लागेल.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. त्याची किंमत १२५ पौंडांपासून सुरू होत असे. त्या काळच्या संगणकांच्या मानाने ही किंमत अगदी थोडी. त्यातल्या मोठ्या नगाची स्मृती ४८ किलोबाइट होती, म्हणजे ४९,१५२ अक्षरे मावतील एवढी. साधारण तीस पानांची इंग्रजी पुस्तिका डोळ्यांसमोर आणा, झाले! एवढ्या जागेत चित्रे, आवाज, नियम, गुण, सारा खेळ बसवायचा. मॅथ्यू स्मिथ नावाच्या तरुणाने १९८३ मध्ये ‘मॅनिक मायनर’ हा खाणीत उड्या मारणाऱ्या माणसाचा खेळ एवढ्याच जागेत बसवला, आणि तो जगभर गाजला.

आपल्याकडे १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक-साक्षरता योजना सुरू केली. तिच्यात ‘बीबीसी मायक्रो’ हे यंत्र वापरले जाई. काही गुरुजींना त्याची आठवणही असेल. पुढे १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती काढली. माझे मामा पुण्याला नोकरीला होते. त्यांनी एक नग घेतला आणि १९८७ च्या मे महिन्याच्या सुट्टीत तो आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, घेऊन आले. मी तेव्हा आठवी पास झालो होतो.

आता तुम्ही विचाराल, कॅसेटचा आणि संगणकाचा संबंध काय? गंमत इथेच आहे. या यंत्राची स्मृती वीज असेपर्यंतच. बटण बंद केले की पाटी कोरी. मग खेळ साठवायचा कुठे? तर कॅसेटवर, आवाजाच्या रूपाने.

संगणकाला दोनच अंक कळतात, शून्य आणि एक. स्पेक्ट्रम शून्यासाठी आवाजाचे एक आखूड आंदोलन काढी आणि एकासाठी बरोबर दुप्पट लांब आंदोलन काढी. आखूड आंदोलने सेकंदाला सुमारे दोन हजार, लांब असली तर सुमारे एक हजार. म्हणजे एक बारीक चिरका सूर आणि एक त्याहून खालचा सूर. हे दोन सूर भराभर एकमेकांत मिसळले की कानाला नुसती किरकिर ऐकू येते. पण टेपरेकॉर्डर ती किरकिर परत वाजवू लागला की यंत्र प्रत्येक आंदोलनाची लांबी मोजते आणि शून्य-एक ओळखून काढते. तारमास्तर कट्‌ आणि कडकट्‌ यांतून मजकूर ओळखीत, तसेच हे. पूर्ण ४८ किलोबाइट भरायला पावणेपाच ते पाच मिनिटे लागत. तेवढा वेळ पडद्याच्या कडेला पट्टे पळत राहात. रंगीत टीव्हीवर ते आधी लाल-निळसर आणि मग निळे-पिवळे दिसत. आमच्या टीव्हीवर सगळेच करडे.

आवाजाने आज्ञा पाठवता येतात म्हटल्यावर नभोवाणी मागे कशी राहील? नेदरलँड्समधील एनओएस या प्रसारण संस्थेच्या ‘हॉबीस्कूप’ कार्यक्रमातून १९८० च्या दशकात संगणकाचे कार्यक्रम चक्क रेडिओवरून वाजवले जात. श्रोत्यांनी ते टेप करायचे आणि आपल्या यंत्राला ऐकवायचे. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना ते चालावेत म्हणून ‘बेसिकोड’ नावाची एक सामाईक बोली ठरविली होती. आपल्या घरचा रेडिओ असा किरकिरू लागला असता तर आपण त्याला चापटच मारली असती, नाही का!

आता छळाची गोष्ट. खेळ नीट आला की नाही, हे यंत्राला कसे कळावे? त्यासाठी एक सोपी युक्ती होती, वर्गात फळ्यावर करून दाखविण्यासारखी. खेळातील प्रत्येक अक्षर म्हणजे आठ शून्य-एकांची एक ओळ. अशा ओळी एकाखाली एक लिहा. आठ उभे रकाने तयार होतात. प्रत्येक रकान्यातले एक मोजा. संख्या विषम असेल तर तळाशी एक लिहा, सम असेल तर शून्य लिहा. म्हणजे आता प्रत्येक रकान्याची बेरीज समच. ही तळाची ओळ शेवटी पाठवायची. वाटेत एखाद्या ठिकाणी शून्याचा एक झाला की तो रकाना विषम होतो आणि चोरी पकडली जाते.

चोरी पकडली जाते खरी, पण ती कोणत्या ओळीत झाली ते कळत नाही. त्यामुळे पाच मिनिटे श्वास रोखून बसायचे आणि अखेरीस पडद्याच्या तळाशी ‘टेप लोडिंग एरर’ एवढेच शब्द. पुन्हा कॅसेट मागे घ्या, पुन्हा पहिल्यापासून. कधी आवाज कमी पडे, कधी जास्त होई. कधी टेपरेकॉर्डरचे हेड केसभर तिरके असे. मग बारीक सूर पुसट होत आणि आखूड-लांब कळेनासे होई. हेडशेजारचा स्क्रू कानाने ऐकत ऐकत फिरवायचा, किरकिर अगदी स्वच्छ आणि टोकदार झाली की थांबायचे. मामांनी मला हे शिकविले. सतारीची खुंटी पिळावी तसे ते स्क्रू-ड्रायव्हर फिरवीत. आणि सगळे जमून खेळ सुरू झाला, की नेमकी वीज जाई.

मामा आठ दिवसांनी पुण्याला गेले, यंत्र मात्र सुट्टीभर माझ्याजवळ ठेवून गेले. सोबत एक इंग्रजी मासिक होते. त्यात खेळ छापलेले असत, म्हणजे आज्ञांच्या ओळी असत. आपण त्या हाताने टंकायच्या. मी एका होडीचा खेळ निवडला. नदीतले खडक चुकवीत होडी पलीकडे न्यायची. तीनदा तो लिहिला आणि तीनदा वीज गेली. चौथ्या दिवशी रात्री अकराला तो पुरा झाला. होडी म्हणजे नुसता एक काळा त्रिकोण, पण माझी कळ दाबली की तो डावीकडे सरके! आपण सांगावे आणि काचेच्या आत काहीतरी हलावे, या आनंदाची सर मला नंतर कशालाच आली नाही.

तो आता जपायला हवा होता, आणि वीज कोणत्याही क्षणी जाईल ही धास्ती. कोरी कॅसेट घरात नव्हती, दुकान तालुक्याला. कपाटात एक कॅसेट सापडली, वर काहीच लिहिलेले नव्हते. मी ती घातली आणि खेळ टेप केला. एक प्रत बिघडली तर दुसरी असावी म्हणून एकामागून एक चार प्रती केल्या. आपण फार शहाणपणाचे वागलो असे मला वाटले.

आदल्या दिवाळीत मामांनी त्या कॅसेटवर आईच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या.

हे कळले तिसऱ्या दिवशी. शेजारच्या काकू आल्या, आईने कौतुकाने कॅसेट लावली आणि घरभर किरकिर सुरू झाली. तिने घाईघाईने टेप बंद केला. माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तिला सगळे समजले. म्हणाली, “राहू दे रे. ओव्या काय, परत म्हणता येतील.” पण गावात पिठाची गिरणी येऊन वर्षे झाली होती, दिवाळीतही जाते मांडले होते ते मामांच्या हट्टापायी. परत म्हणायचे राहून गेले. मी ती कॅसेट शरमेने एका डब्यात घालून माळ्यावर टाकली. १९९८ साली आई गेली.

यात तंत्राचे थोडे समजून घेण्यासारखे आहे. टेपरेकॉर्डर नवे ध्वनिमुद्रण करू लागतो तेव्हा फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग लिहिणाऱ्या हेडवरून. म्हणजे जुने त्याच क्षणी नाहीसे होते, खाली शिल्लक राहात नाही. पण पुसले जाते ते तेवढेच, जेवढी फीत पुढे सरकली असेल. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची असते. माझा होडीचा खेळ लहान, सहा किलोबाइटचा. एक प्रत पाऊण मिनिटाची. चार प्रती, मधल्या मोकळ्या जागा धरून, चार मिनिटांच्या आत. एवढे साधे गणित मी पस्तीस वर्षे केले नाही! सगळेच गेले असे धरून चाललो.

गेल्या वर्षी घर दुरुस्तीला काढले तेव्हा डबा सापडला. एका स्नेह्याकडून चालू टेपरेकॉर्डर आणला, त्याचे हेड पुसले, आणि तार जोडून कॅसेटचा आवाज आजच्या संगणकात उतरवून घेतला. आधी किरकिर आली. जुन्या स्पेक्ट्रमचे सोंग घेणारी आज्ञावली आता मिळते, तिला तो आवाज ऐकवला. चारांपैकी दोन प्रती शाबूत निघाल्या आणि काळा त्रिकोण नदीत उभा राहिला. मी तो हलवून पाहिला. पलीकडे टेप चालूच होता. किरकिर थांबली, क्षणभर खरखर झाली आणि जात्याची घरघर सुरू झाली. आईचा आवाज एका शब्दाच्या मध्यातून आला. ती ओवी कुठली होती ते आता सांगता येत नाही. पुढच्या मात्र सगळ्या आहेत. मध्ये एकदा ती थांबून मामांना विचारते, “चालू आहे ना रे?”

आज माझा नातू मोबाइलवर आणि संगणकावर खेळतो. आजचे मोठे खेळ शंभर गिगाबाइटच्याही पुढे जातात, म्हणजे त्या ४८ किलोबाइटच्या सुमारे वीस लाख पट. त्याचा छळ निराळा. खेळ उतरवून घ्यायला गावच्या नेटवर कधी दोन-दोन रात्री लागतात. पैसे भरले तरी पुष्कळदा आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. खेळ ज्या दूरच्या यंत्रावर अवलंबून असतो ते कंपनीने बंद केले की खेळही बंद. ग्राहकाला ही गोष्ट विकतानाच स्पष्ट सांगावी असा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये केला आणि तो २०२५ पासून लागू झाला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाल्याचे दिसले. माझ्या कॅसेटने मला पाच-पाच मिनिटे रडवले हे खरे, पण ती माझ्या माळ्यावर होती. नातवाचा खेळ कोणाच्या माळ्यावर आहे, हे त्याला ठाऊक नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आणि घरोघरच्या मंडळींना माझी विनंती आहे. आपल्या गावात अजून अशा कॅसेट पडल्या असतील. कोणाची भजने असतील, कोणाचे लग्न, कोणा आजीच्या ओव्या. त्या टाकून देऊ नका. कॅसेटच्या पाठीवर दोन चिमुकल्या खिट्ट्या असतात, एकेका बाजूसाठी एक. त्या मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे काही टेप होत नाही. मामांनी खिट्टी मोडली असती तर माझी चार मिनिटे वाचली असती. कॅसेट लावण्यापूर्वी हेड पुसून घ्या. आवाज संगणकात उतरवा आणि त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा. आठवी-नववीच्या मुलांना हे काम सहज जमते, आणि एवीतेवी ती यंत्राला चिकटलेली असतातच! शेवटचे, पण अगदी न विसरता करायचे काम म्हणजे वर नाव लिहा: कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल. माझ्या हातात त्या रात्री आलेल्या कॅसेटवर एवढा एकच शब्द हवा होता.