नकाशात कधीच न भिजणारी मुंबई

घाटकोपरहून वर्सोव्याला निघालेली मेट्रो असल्फ्याच्या जवळ आली की मी खिडकीपाशी सरकतो. ८ जून २०१४ ला ही गाडी सुरू झाली. ११.४ किलोमीटरचा सगळा मार्ग खांबांवरून जातो. तोवर जे कावळ्या-घारींना आणि संक्रांतीला पतंग घेऊन वर चढलेल्या पोरांनाच दिसायचं, ते उपनगरातल्या माणसाला रोज दिसू लागलं: छपरं. टेकडीच्या उतारावर एकमेकांना खेटून बसलेली घरं, घरांवर पत्रे, पत्र्यांवर निळी ताडपत्री, आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून वर ठेवलेल्या विटा, फुटक्या फरशा, जुने टायर. ताडपत्री हा शब्दच किती बोलका आहे. वस्तू प्लास्टिकची झाली, पण नावात अजून ताडाचं पान आहे.

पुढे गच्च्या लागतात. एखादी पांढरीशुभ्र, एखादी काळवंडलेली, एखादीवर शेडचा गंजका पत्रा. घराच्या चारी भिंती आपण रंगवतो, निरखतो, पण ज्या बाजूवर सगळं आभाळ कोसळतं ती घरमालकाने वर्षानुवर्षं पाहिलेलीही नसते.

माझा मावसभाऊ मुलुंडला वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. त्याला मी दादा म्हणतो. जूनमध्ये पहिली मोठी सर आली की दादाचा फोन खाली राहत नाही. प्रत्येकाला काम आजच्या आज हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच ते होत नाही, कारण ओल्या स्लॅबवर केमिकल धरत नाही. काम करायचे दिवस दिवाळीनंतरचे, फार तर मेअखेरपर्यंतचे. तेव्हा भिंती खडखडीत वाळलेल्या असतात, पोपडे खरवडून वर रंग मारलेला असतो आणि गळती कुणाच्या आठवणीतही नसते. कौलारू घरांत ही आठवण ठेवायची रीतच होती. पावसाच्या तोंडावर शाकारणी व्हायची: कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे तपासायचे, पुन्हा चढवायची. स्लॅब आला आणि शाकारणी गेली. मग मार्च महिन्यात, कुणालाच छपराची आठवण नसताना, छपराचं गिऱ्हाईक शोधायचं कसं?

एका संध्याकाळी दादाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ऑनलाइन नकाशा, त्यावर उपग्रहाचं चित्र. एका बाजूला मुलुंड, दुसऱ्या बाजूला बोरिवली, मधे राष्ट्रीय उद्यानाची गर्द हिरवाई. तो मुलुंडच्या एका गल्लीवर आला आणि म्हणाला, ‘‘ही गच्ची बघ. मधोमध काळा डाग दिसतो? इथे पाणी साचतं.’’

मला आधी फक्त डाग दिसला. मग तो डाग तिथपर्यंत पोचला कसा हे समजून घेतलं, आणि त्या रात्री झोप लागेना.

अशी चित्रं टिपणारा एक उपग्रह म्हणजे वर्ल्डव्ह्यू-३. ऑगस्ट २०१४ मध्ये सोडलेला हा उपग्रह ६१७ किलोमीटर उंचीवरून फिरतो. मुंबईहून हैदराबाद सरळ रेषेत जवळपास तेवढंच लांब आहे. एवढ्या अंतरावरून त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या ३१ सेंटिमीटरांचा असतो. म्हणजे हैदराबादेत बसून मुलुंडच्या गच्चीवरची एक फरशी वेगळी ओळखावी, तसं. आणि हे एका जागी थांबून नव्हे. त्याच्या खालून जमीन सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने मागे पडत असते. अंधेरी ते बोरिवली दोन सेकंदांच्या आत. आपल्या इस्रोचा कार्टोसॅट-३ हा २७ नोव्हेंबर २०१९ ला गेला, तो ५०९ किलोमीटरवरून याहूनही किंचित बारीक पाहतो.

पण हा कॅमेरा ढगांच्या आरपार पाहू शकत नाही. जून ते सप्टेंबर उपनगरांवर ढगांचं छत असतं, त्यामुळे नकाशासाठी निवडलेली स्वच्छ चित्रं बहुतेक ऑक्टोबर ते मे या महिन्यांतली असतात. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो, आणि या नकाशातली मुंबई मात्र कधीच भिजत नाही. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार त्यातलाच; पण निसारचा एक ठिपका काही मीटरांचा. गच्चीवरचं डबकं त्यात हरवून जातं.

म्हणून दादाला कोरड्या चित्रात पाऊस वाचावा लागतो. आणि तो वाचता येतो! पाणी जिथे दिवसेंदिवस साचून राहतं तिथे शेवाळ धरतं. ऊन पडलं की ते वाळतं आणि काळं पडतं. उतार नीट असेल तर काळेपणा पाइपाच्या तोंडाकडे निमुळता होत जातो, पंख्यासारखा. मधेच गोल डाग असेल तर तिथे स्लॅब किंवा कोबा बसला आहे. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल यांचा थर. शंभर फुटांना साधारण एक फूट असा उतार देऊन तो घातलेला असतो. डोळ्यांना गच्ची सपाट दिसते, पण पाण्याला तो एक फूट कळतो. एप्रिलच्या चित्रात पत्र्यावर निळी ताडपत्री दिसली तर ती बहुधा गेल्या पावसाळ्याची. म्हणजे त्या घराने पुरा एक पावसाळा ताडपत्रीवर काढला आणि दुरुस्ती अजून व्हायचीच आहे. पत्र्याच्या कडेने तांबूस रेघ दिसली तर गंज. मरोळ, आंबोली, एक्सरच्या गावठाणांत अजून तग धरून असलेली कौलारू घरं तर लगेच ओळखू येतात: आढ्याच्या एका बाजूची कौलं उजळ, दुसऱ्या बाजूची सावलीत.

पाण्याला वाट करून देण्याची विद्या या उपनगरात फार जुनी आहे. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून लेणी खोदली गेली. तिथल्या कातळावर पावसाचं पाणी वळवून टाक्यांत नेणारे चर कोरलेले आहेत. ज्यांचं छप्पर म्हणजे अख्खा डोंगर, त्यांनीही आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हेच पाहिलं होतं.

मग दादाने जे दाखवलं त्याने मी अवाक झालो. गूगल अर्थमध्ये मागे जाता येतं. एक पट्टी सरकवायची की तीच गल्ली वर्षावर्षाने मागे जाते. आमच्यासमोरची गच्ची एका वर्षी काळी होती, पुढच्या चित्रात एकदम पांढरी झाली, मग हळूहळू राखाडी, मग कोपऱ्यांतून पुन्हा काळी. म्हणजे काम कधी झालं हे कुणाला न विचारता कळलं. वॉटरप्रूफिंगवाले गॅरंटी देतात ती पाच किंवा दहा वर्षांची. जिचं काम आठ-नऊ वर्षांपूर्वीचं, तिथे आज जाऊन बोलण्यात अर्थ आहे. दोन वर्षांपूर्वीचं असेल तर उगाच कुणाचा वेळ घेऊ नये. आणि शेजारच्या चारही इमारती पडून टॉवर उठलेले दिसले, तर मधे उरलेली सोसायटीही पुनर्विकासाच्या वाटेवर असण्याचा संभव मोठा. तिथे गच्चीवर पैसे घाला म्हणणं बरोबर नाही.

आता मोजमाप. नकाशातल्या मोजपट्टीने चार कोपऱ्यांवर चार टिचक्या मारल्या की क्षेत्रफळ समोर येतं. वीस मीटर बाय वीस मीटरची गच्ची, चारशे चौरस मीटर. दादाने ते लगेच ब्रासमध्ये केलं. शंभर चौरस फुटांचा एक ब्रास, म्हणजे त्रेचाळीस ब्रास. मी मनात दुसरा हिशेब करत होतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. या एका गच्चीवर दर पावसाळ्यात नऊ लाख लिटर कोसळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. तेवढा या गच्चीवर पडला असेल तर त्या एका दिवसाचे पावणेचार लाख लिटरहून अधिक, दहा हजार लिटरचे अडतीस टँकर. आणि ते सगळं चार-सहा पाइपांच्या तोंडांतून उतरायचं असतं. गच्चीने एवढं सोसल्यावर खोलीत थोडं पाणी टिपकलं की आपण तिला गळकी म्हणतो!

उतरत्या छपराला ही मोजपट्टी फसते, कारण वरून दिसते ती फक्त पायाची व्याप्ती. तीस अंशांचा उतार असेल तर नकाशातल्या शंभर चौरस मीटरला प्रत्यक्षात एकशे पंधरा चौरस मीटर कौलं लागतात. उंची मात्र सावली सांगते. सूर्य क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांवर असेल तर सावली उंचीएवढीच पडते. सामान किती मजले चढवायचं आहे हे त्या सावलीवरून कळतं. गच्चीच्या कठड्याचीही सावली पडते. मीटरभर उंच कठडा, मीटरभर सावली, म्हणजे चित्रातले तीन ठिपके. दादा त्या तीन ठिपक्यांवरून कठडा ठीकठाक आहे की बुटका, हे सांगतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांबाबतचे नियम केंद्र सरकारने मोकळे केले आणि जुलै २०२२ मध्ये गूगलचं स्ट्रीट व्ह्यू दहा शहरांत आलं, त्यात मुंबई. त्यासाठीची चित्रं टिपणाऱ्या दोन भारतीय कंपन्यांपैकी जेनेसिस ही आपल्या अंधेरीच्या सीप्झमधली. रस्त्यावरून फिरलेल्या त्या कॅमेऱ्याने इमारतींचे चेहरे टिपले. आता वरच्या चित्रातला डाग आणि रस्त्यावरच्या चित्रातली कठड्याखालची ओल शेजारी ठेवायची. डाग ईशान्येच्या कोपऱ्यात, आणि वरच्या मजल्यावर त्याच कोपऱ्याखाली पोपडे सुटलेले. सहाशे किलोमीटरवरून आणि रस्त्यावरून आलेल्या दोन साक्षी जुळल्या की दादा वहीत सोसायटीचं नाव लिहितो. नाव नकाशातच असतं.

उपनगरात गिऱ्हाईक म्हणजे सहसा एक माणूस नसतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती हा सोसायटीच्या खर्चाचा भाग आहे. म्हणजे सेक्रेटरी, कमिटी, तीन कोटेशनं, सभेत मंजुरी. यात दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून मार्चही उशिराचाच. दादा काय बोलतो हे मी मुद्दाम विचारलं, कारण मला थोडी धास्ती होती. कुणाच्या छपरावर न विचारता नजर टाकून वर त्याला घाबरवायचं, हे मला पटलं नसतं. तो म्हणाला, ‘‘तुमची गच्ची गळते असं मी कधीच म्हणत नाही. म्हणतो, काका, नकाशात एक डाग दिसला, तुमची हरकत नसेल तर वर जाऊन बघू का? चित्र जुनं असतं. कदाचित काम झालेलंही असेल.’’ मला हे फार आवडलं. नकाशाने ओळख करून द्यावी. निदान माणसाने जाऊन, वाकून, बोटाने टकटक करूनच करावं.

गिऱ्हाईकही उलट त्याला याच नकाशावर शोधतं. कोणाचं नाव वर दाखवायचं ते गूगल तीन गोष्टींवरून ठरवतं: शोधलेल्या कामाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. म्हणून दादा काम संपल्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो टाकतो. डोंगरावरच्या चाळीतून फोन आला की पत्ता सांगणं हेच मोठं काम असायचं. आता तो प्लस कोड मागतो. जगभराचे हे कोड फक्त वीस अक्षर-अंकांतून बनतात, त्यांत स्वर ठेवलेलेच नाहीत, म्हणजे चुकून कुठला शब्द तयार होऊ नये. एक पूर्ण कोड म्हणजे सुमारे चौदा मीटर बाय चौदा मीटरचा चौकोन. ज्या गल्लीला नाव नाही, तिथल्या घरालाही जगात एकच असा पत्ता मिळाला.

एप्रिलच्या एका सकाळी मी दादाबरोबर गेलो. मुलुंडचीच चार मजली सोसायटी. नकाशात काळ्या डागाच्या कडेला, कठड्याला लागून, तीन-चार हिरवे ठिपके होते. दादाला ते कुंडीतलं झाड वाटलं होतं, मला शेवाळ. वॉचमनने किल्ली आणली. कुलूप बरेच दिवस न उघडल्यासारखं खरखरलं. वर कुंडी नव्हती. पाइपाच्या तोंडाशी, कठडा आणि कोबा जिथे भेटतात त्या चिरेत, कमरेएवढं पिंपळाचं झाड उभं होतं. कोवळी तांबूस पानं उन्हात हलत होती. दादा गुडघ्यावर बसला, चिरेत बोट घालून मूळ कुठवर गेलंय ते चाचपू लागला. सेक्रेटरी काका तेवढ्यात धापा टाकत वर पोचले, झाडाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘हे कधी आलं?’’

दादाने फोन काढला, पट्टी मागे सरकवली आणि त्यांना दाखवू लागला.