त्रिनिदाद : चार दिवसांचा मुक्काम

वेस्ट इंडीज हें नांव मराठी घरांत शिरलें तें बहुतांशीं क्रिकेटच्या वाटेनें. १९७१ सालीं पोर्ट ऑफ स्पेन येथील क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर अजित वाडेकर यांच्या नायकत्वाखालीं भारतानें वेस्ट इंडीजवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला. मडगांवच्या दिलीप सरदेसायांनीं त्या सामन्यांत ११२ धावा काढल्या आणि पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या सुनील गावसकरांनीं ६५ व नाबाद ६७. ती मालिका संपतां संपतां गावसकरांच्या ७७४ धावा झाल्या होत्या, आणि लॉर्ड रिलेटर या टोपणनांवाच्या तेथील गायकानें त्यांच्यावर एक कॅलिप्सो रचून पराभवाचें उट्टें मोठ्या दिलदारपणें काढलें. रेडिओला कान लावून बसलेल्या त्या पिढीला मैदान ठाऊक झालें; ज्या बेटावर तें आहे, तें बेट मात्र अद्यापि अपरिचितच राहिलें आहे. चार दिवसांची सवड काढून तेथें जाणाऱ्यानें काय पाहावें, कोणत्या वेळीं पाहावें आणि काय खुशाल सोडून द्यावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

कॅरिबियन बेटांच्या माळेंतील त्रिनिदाद हें अगदीं दक्षिणेकडचें बेट. त्याचें क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षां कांहींसें अधिक. व्हेनेझुएलाची भूमि त्याच्या टोंकापासून अवघ्या ११ किलोमीटरांवर येऊन ठेपली आहे. ओरिनोको नदीचा गाळ या बाजूस वाहून येत असल्यामुळें पश्चिमेचा समुद्र चित्रांतल्यासारखा निळा दिसत नाहीं. तो आपल्या खाड्यांसारखा गढूळ असतो. ज्यांना केवळ निळें पाणी आणि पांढरी वाळू हवी, त्यांनीं बार्बेडोसला जावें हें बरें. त्रिनिदादला जावयाचें तें इतर कारणांसाठीं.

जानेवारी ते मे हे उघाडीचे महिने. भारतांतून थेट विमान नाहीं. लंडन किंवा न्यूयॉर्क या मार्गानें जावें लागतें. परततांना भारतांत पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात आणि ती लस निदान दहा दिवस आधीं टोंचून घ्यावी लागते. दुसरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. सैनिकांच्या ठिपकेदार कापडासारखे कपडे घालण्यास तेथें कायद्यानें बंदी आहे. मुलांच्या अंगावर तसला सदरा असेल तर तो घरींच ठेवावा. वाहनें आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें चालतात. दिवसाच्या बोलीनें मोटार ठरविली म्हणजे पुष्कळ त्रास वांचतो. राजधानींत रात्रीं एकट्यानें पायीं हिंडूं नये.

पहिला दिवस शहरासाठीं पुरे आहे. सव्हाना नांवाचें सुमारे २६० एकरांचें मैदान शहराच्या मधोमध आहे. त्याच्या पश्चिमेस विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेल्या सात हवेल्या एका ओळीनें उभ्या आहेत. एक स्कॉटिश गढीसारखी, दुसरी फ्रेंच धर्तीची. कोको आणि व्यापार यांत पैसा मिळविलेल्यांची ही हौस. त्या बाहेरून पाहाव्या, शहाळ्याचें पाणी प्यावें आणि शेजारच्या वनस्पति-उद्यानांत फेरी मारावी. सकाळची न्याहारी मात्र हॉटेलांत करूं नये. रस्त्याच्या कडेला ‘डबल्स’ विकणाऱ्याभोंवतीं घोळका दिसेल, त्यांत उभें राहावें. हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन पुऱ्या, त्यांना ‘बारा’ म्हणतात, आणि त्यांत मसालेदार छोले. दोन पुऱ्या म्हणून तें डबल्स. तिखट किती घालूं असें विक्रेता विचारील, तेव्हां मराठी माणसानें उगाच शेखी मिरवूं नये. तेथील मिरची आपल्या लवंगीला हार जाणारी नाहीं.

हे छोले तेथें कसे आले, हें समजल्यावांचून दुसऱ्या दिवसाचा प्रवास व्यर्थ होईल. गुलामगिरी बंद झाल्यावर उंसाच्या मळ्यांना मजूर मिळेनासे झाले, तेव्हां हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर आणण्याची प्रथा पडली. ३० मे १८४५ रोजीं ‘फतेल रझाक’ हें जहाज सव्वादोनशें माणसें घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलें. १९१७ पर्यंत सुमारे १ लक्ष ४४ हजार लोक अशा रीतीनें गेले. त्यांतील बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहार या भागांतील आणि थोडे मद्रासकडील. करार असे पांच वर्षांचा. कांहीं परतले, बहुसंख्य तेथेंच राहिले. २०११ च्या खानेसुमारींत लोकसंख्येपैकीं सुमारे ३५ टक्के लोक हिंदी वंशाचे होते. भोजपुरी बोली आतां म्हाताऱ्यांच्याच तोंडीं ऐकूं येते. पण आजा, आजी, नाना, नानी हे शब्द टिकले आहेत, आणि भाजी व चोखा हे शब्द तर ज्यांचा हिंदुस्थानाशीं कांहींहि संबंध नाहीं अशांच्याहि तोंडीं असतात. ३० मे हा दिवस तेथें सार्वजनिक सुट्टीचा आहे.

दुसरा दिवस पश्चिम किनाऱ्यासाठीं राखावा आणि त्यांत कशाचीहि काटछाट करूं नये. पहांटे निघून प्रथम दूर दक्षिणेस ला ब्रेआ येथें जावें. ब्रेआ म्हणजे स्पॅनिश भाषेंत डांबर. येथें सुमारे १०० एकरांचें डांबराचें तळें आहे. मध्यभागीं त्याची खोली सुमारे २५० फूट भरते. तळें म्हटल्यावर काळें पाणी डोळ्यांपुढें आणणाऱ्याची मात्र निराशा होते. प्रथमदर्शनीं तें एखाद्या ओसाड, डबकीं सांचलेल्या मैदानासारखें दिसतें. जमिनीच्या पोटांतील भेगांतून खनिज तेल वर येतें, त्यांतील हलका अंश उडून जातो आणि माती व पाणी यांत मिसळलेला जड भाग मागें राहतो. तेंच हें डांबर. त्यावरून चालतां येतें, पण एके ठिकाणीं फार वेळ उभें राहिल्यास पाऊल हळूहळू रुतूं लागतें. खणून काढलेला खड्डा कांहीं दिवसांत आपोआप भरून येतो. १५९५ सालीं सर वॉल्टर रॅले यानें आपल्या गळक्या जहाजांच्या फटी याच डांबरानें बुजविल्या होत्या, आणि पुढें येथील डांबर देशोदेशींच्या रस्त्यांवर पसरलें. उन्हाबरोबर पृष्ठभाग मऊ होतो, म्हणून सकाळीं जावें. आणि कोठें पाय ठेवावा हें वाटाड्यालाच ठाऊक असतें, म्हणून एकट्यानें उतरूं नये.

परतीच्या वाटेवर वॉटर्लू नांवाचें खेडें लागतें. येथें समुद्रांत एक देऊळ आहे. तें कोणा राजानें बांधलेलें नाहीं. सिवदास साधू हा लहानपणीं आईबापांबरोबर हिंदुस्थानांतून आलेला उंसाच्या मळ्यांतील मजूर. त्यानें १९४७ सालीं किनाऱ्यावर एक लहानसें देऊळ बांधलें. जमीन साखर कंपनीची होती. १९५२ सालीं कंपनीनें देऊळ काढून घेण्यास सांगितलें, त्यानें तें मानलें नाहीं; त्याला चौदा दिवसांची कैद झाली आणि देऊळ पाडलें गेलें. जमीन जर कोणाची तरी आहे, तर समुद्र कोणाचाच नाहीं, असा विचार करून त्यानें ओहोटीच्या वेळीं चिखलांत उतरून भर टाकण्यास आरंभ केला. तेलाचीं रिकामीं पिंपें रोवावयाचीं, त्यांत सिमेंट-खडी भरावयाची, आणि सामान न्यावयाचें तें सायकलीला बादल्या अडकवून. कामावरून सुटल्यावर, एकट्यानें, वर्षानुवर्षें. कांहीं लोक त्याला वेडा म्हणत. तो १९७० च्या सुमारास वारला. लाटांनीं बांधकाम खचत गेलें. हिंदी लोकांच्या आगमनास दीडशें वर्षें झालीं तेव्हां, १९९५ सालीं, तें नव्यानें उभारण्यांत आलें.

आजचें देऊळ अष्टकोनी व सुबक आहे. किनाऱ्यापासून तेथवर फरसबंद वाट आहे, दोहों बाजूंस बांबूंवर रंगीबेरंगी झेंड्या फडकत असतात, आणि किनाऱ्यावर, थोड्याच अंतरावर, दहनभूमि आहे. प्रवाशानें भरती-ओहोटीची वेळ आधीं विचारून जावें. भरतीच्या वेळीं देऊळ पाण्यावर तरंगल्यासारखें दिसतें आणि छायाचित्रें घेणारे खूष होतात. परंतु खरें पाहावयाचें तें ओहोटीला. दूरवर पसरलेला काळा चिखल उघडा पडतो, आणि बादलीबादलीनें खडी वाहणें म्हणजे काय, याची कल्पना तेव्हांच येते.

चार वाजण्यापूर्वीं मात्र वॉटर्लू सोडलें पाहिजे, कारण पुढचा कार्यक्रम पक्ष्यांनीं ठरविलेला आहे. कॅरोनी नदीच्या मुखाशीं तिवरांचें विस्तीर्ण रान आहे. त्यांतील अरुंद पाटांतून सपाट बुडाच्या नांवा दुपार कलल्यावर निघतात. नावाडी वाटेंत फांदीवर वेटोळें घालून निजलेला सर्प दाखवितो. मग नांव एका मोकळ्या जलाशयांत येते आणि बेटासारख्या झाडीपासून बरीच दूर थांबते. सूर्य खालीं जाऊं लागला, कीं आपल्या शराटीच्या कुळांतील ‘स्कार्लेट आयबिस’ पक्षी थव्याथव्यांनीं परतूं लागतात. रंग इतका लाल, कीं त्याला पळसाच्या फुलाखेरीज उपमा सुचत नाहीं. बसण्याच्या ठिकाणीं हिरव्या झाडांना पाहतां पाहतां लाल बहर येतो. हा रंग त्यांच्या खाण्यांतून येतो. चिखलांतील खेकडे व कोळंबी यांतलें रंगद्रव्य पिसांत उतरतें, म्हणून पिलें करड्या-तपकिरी रंगाचीं असतात. हा पक्षी राष्ट्रपक्षी असूनहि मांसासाठीं मारला जात असे. २०१८ पासून त्याला मारणाऱ्यास त्रिनिदादच्या चलनांत एक लक्ष डॉलर दंड व कैद अशी शिक्षा आहे. नांवेंत बसल्यावर कोणी बोलूं नये. दुर्दैवानें आपले लोक याच वेळीं एकमेकांना हांका मारतात.

तिसरा दिवस विश्रांतीचा. उत्तरेच्या डोंगरांवरून मॅराकस उपसागराकडे जाणारा वळणांचा रस्ता दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें बांधला. चॅग्वारॅमस येथें त्यांचा तळ पडल्यामुळें लोकांच्या नेहमींच्या चौपाट्या बंद झाल्या, त्याची ही भरपाई. येथें पाणी निळें आहे, वाळू स्वच्छ आहे, आणि तळलेल्या पावांत मुशीचा तुकडा घालून विकणारीं दुकानें आहेत. लाटा दिसतात त्यापेक्षां जोरकस असतात. रक्षकांनीं रोवलेल्या निशाणांच्या मधल्या पट्ट्यांतच पोहावें.

चौथ्या दिवसासाठीं बहुतेक लोक टोबॅगोचा बेत करतात. विमानानें अर्ध्या तासाचाहि प्रवास नाहीं, आणि तेथील डोंगरावरचें राखीव अरण्य पाहण्यासारखें आहे खरें. पावसाचें रक्षण व्हावें एवढ्याच हेतूनें तें १७७६ सालीं कायद्यानें राखलें गेलें. परंतु एका दिवसांत जाऊन येणें म्हणजे विमानतळ पाहून येणें. तेथें एक रात्र काढतां येत नसेल तर टोबॅगो सोडून द्यावें. मार्च ते ऑगस्ट या काळांत त्याहून चांगला पर्याय ईशान्य किनाऱ्यावर असतो. रीतसर परवाना काढून मटुरा किंवा ग्रान रिव्हिएर येथें रात्रीं गेल्यास लेदरबॅक जातीचीं प्रचंड कांसवें अंडीं घालण्यासाठीं वाळूवर चढतांना दिसतात. दिवा लावावयाचा नाहीं, वाटाड्याच्या मागें चालावयाचें, आणि कित्येक तास वाट पाहण्याची तयारी ठेवावयाची.

कार्निव्हल ईस्टरपूर्वींच्या उपवासकालाच्या आदल्या सोमवारीं व मंगळवारीं असतो, म्हणजे बहुधा फेब्रुवारी किंवा मार्चमध्यें. त्या दोन दिवसांत शहरांत खोली मिळणें कठीण आणि मिळालीच तर महाग. त्यापेक्षां आधींच्या पंधरवड्यांत जावें. तेव्हां वाद्यवृंदांच्या आवारांतून स्टीलपॅनची तालीम चाललेली असते. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून, त्यावर निरनिराळ्या स्वरांचे उंचवटे काढून हें वाद्य गरीब वस्त्यांतील तरुणांनीं १९३० ते १९५० च्या दरम्यान घडविलें; आरंभीं प्रतिष्ठित लोक त्याच्याकडे गुंडांचें वाद्य म्हणून पाहत, आणि आतां तें राष्ट्रीय वाद्य आहे. वाटाड्याला बरोबर घेऊन संध्याकाळीं एखाद्या आवारांत जावें आणि कोपऱ्यांत उभें राहावें. शंभराच्या आसपास माणसें एकच ओळ चुकेपर्यंत वाजवितात, चुकली कीं थांबतात आणि पुनः तेथूनच आरंभ करतात.